यादीत नाव आलं, पुढे काय?

मेफेड्रोन म्हणजे एमडी. ‘म्याव म्याव’ या नावानं ते मुंबईत पसरलं, तेव्हा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या यादीत त्याचा पत्ताच नव्हता. ते यादीत आलं फेब्रुवारी २०१५मध्ये. तोवर पुडी सापडली तरी या कायद्याचं कलम लावता येत नव्हतं. रेणूत थोडा फेरफार केला की नवा माल तयार होतो, आणि यादी मागून धावत राहते.

मग सरसकट सगळ्याच नव्या नशांवर बंदी का नको? ब्रिटनने २०१६मध्ये ती घातली. दारू, तंबाखू, कॉफी आणि औषधं वगळून मेंदूवर परिणाम करणारा कोणताही पदार्थ नशेसाठी विकणं गुन्हा ठरलं. हा माल उघड विकणारी दुकानं बंद झाली, पण धंदा गल्लीतल्या विक्रेत्यांकडे गेला. २०१७मध्ये नायट्रस ऑक्साइडचे खटले कोसळले, कारण हा वायू भुलीसाठीही वापरतात, मग तो औषध की नशा? वरच्या न्यायालयाने त्याच वर्षी हा घोळ निस्तरला.

औषध की नशा, हा प्रश्न भुसावळकरांना परका नाही. डिसेंबर २०१३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने शेजारच्या जळगाव एमआयडीसीत छापा घालून अकराशे किलोंहून अधिक केटामाइन, म्हणजे नशेसाठीही वापरलं जाणारं भुलीचं औषध, पकडलं. आणि केटामाइन तर २०११पासूनच यादीत होतं! कायद्यात कुठलीही फट नव्हती. कारखान्यात काय शिजतंय हे बघणारं वेळेवर कुणी नव्हतं, एवढंच.

याच केटामाइनची दुसरी बाजू छोट्या दवाखान्यात दिसते. इंजेक्शन दिलं की रुग्णाला भूल चढते, पण श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाबही पडत नाही. जिथे भुलीचं यंत्र नाही, तिथे जखम शिवायला, हाड बसवायला याचाच आधार. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत ते आहे, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आणण्याच्या चीनच्या प्रस्तावाला संघटनेने विरोध केला होता.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे आपण मॉर्फिनच्या बाबतीत पाहिलंय. एनडीपीएसचं विधेयक ऑगस्ट १९८५मध्ये संसदेत आलं आणि नोव्हेंबरात कायदा लागूही झाला. परवान्यांच्या जाचाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७पर्यंत देशातला वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. कॅन्सरचे रुग्ण कळवळत राहिले. दुरुस्ती झाली २०१४मध्ये.

उलट, नियम असूनही नशा कशी पोचते ते बघा. मालेगाव-धुळ्याकडे नशेसाठी घेतली जाणारी ‘कुत्ता गोळी’ म्हणजे अल्प्राझोलम. ती एनडीपीएसच्या यादीत आहे, औषधांच्या एच-१ अनुसूचीतही आहे. डॉक्टरची चिठ्ठी बघून रुग्णाचं नाव वहीत लिहिल्याशिवाय ती विकायची नाही, असा नियम आहे. तरी ती पोरांच्या खिशात पोचतेच. माझं म्हणणं असं, की नवा कायदा आणण्याआधी सरकारने औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात, आणि त्यांना ती वही तपासायला धाडावं.