अकरा मिलिव्होल्टचा गंधार

आमच्या दिवाणखान्यात पूर्वी जिथे शिवणयंत्र होतं, तिथे आता एक लाकडी खोकं आहे. त्याच्या दर्शनी भागावर बटणं आणि भोकं, आणि त्या भोकांमधून लोंबणाऱ्या लाल-पिवळ्या वायरी. येणारा पाहुणा आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि शेवटी न राहवून विचारतो, "टेलिफोनचं काही आहे का?" माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, तेव्हा प्रश्न स्वाभाविकच. मी सांगतो, "नाही हो, वाद्य आहे." त्यावर आतून सौ.चा आवाज येतो, "अजून व्हायचंय."

ती शास्त्रीय गाणं शिकवते. त्यामुळे हा शेरा हसण्यावारी नेता येत नाही.

पाहुण्यांचा तर्क मात्र अगदीच चुकीचा नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ट्रंक बोर्ड पाहिलेला आहे. ऑपरेटर भगिनी एका भोकातली कॉर्ड दुसऱ्या भोकात खोचायच्या आणि पुण्याचा माणूस नागपूरशी बोलू लागायचा. मोड्यूलर सिंथेसायझरचं तत्त्व हेच. नेहमीच्या सिंथेसायझरमध्ये कारखान्यात सगळं आधीच जोडलेलं असतं. इथे वाद्याचे अवयव सुटे मिळतात आणि कोणता कशाला जोडायचा हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. स्वर निर्माण करतो तो ऑसिलेटर, म्हणजे आपली तार. त्या स्वराचा रंग बदलतो तो फिल्टर, म्हणजे भोपळा म्हणा. आवाज लहानमोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा हे ठरवणारा एन्व्हलप. या सगळ्यांची आपापसातली भाषा एकच, ती म्हणजे व्होल्टेज. दाब एक व्होल्टने वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो.

रॉबर्ट मूग यांनी न्यूयॉर्क राज्यात १९६४ मध्ये अशी यंत्रं केली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला हेही वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होते. मूग यांच्या यंत्रावरचे पाव इंची जॅक मूळचे टेलिफोन एक्स्चेंजमधलेच, हे कळल्यावर मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि हे यंत्र आपल्याकडे फार उशिरा आलं, असंही नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूग मोड्यूलर आलं होतं. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर काम केलं. पुढे त्या ध्वनिफिती कित्येक वर्षं पडून राहिल्या. त्यांतली निवडक रेकॉर्डिंग्ज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कुठे आपल्यापैकी बहुतेकांना त्यांचा पत्ता लागला.

माझं वेड सुरू झालं ते म्युनिकला. मुलगी तिथे नोकरीला आहे. तिने एका वाद्यांच्या दुकानात नेलं आणि तिथली एक भिंत पाहून मी अर्धा तास जागचा हललो नाही. मूग यांचं कपाट एखाद्या संस्थेलाच परवडावं असं होतं. म्युनिकजवळच्याच डीटर डोप्फर यांनी १९९५ च्या सुमारास 'ए-१००' नावाची लहान मापाची मालिका काढली आणि तेच माप पुढे 'युरोरॅक' नावाने रूढ झालं. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी मोजण्याचं एकक ५.०८ मिलिमीटर, जॅक साडेतीन मिलिमीटरचे. आज शेकडो लहानमोठे कारागीर याच मापात मोड्यूल करतात, आणि एकाचं मोड्यूल दुसऱ्याच्या शेजारी निमूट बसतं.

परत आल्यावर मी यादी करायला घेतली. एकतीस मोड्यूल झाली. सौ.ने यादी वाचली, किंमत वाचली आणि एवढंच विचारलं, "पण यावर वाजवायचं काय आहे?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. खरं म्हणजे योजनेची सुरुवातच तिथून व्हायला हवी. उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात आली, जी घरात रोज दिसत असून मी पाहिली नव्हती. संधिवातामुळे सौ.ला तंबोरा फार वेळ छेडवत नाही. शिकवणीला एखादी शिष्या छेडते, पण पहाटेचा तिचा स्वतःचा रियाज दोन वर्षांपासून बंद होता. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी मी आणून दिली होती. "ती रोज अगदी तेच बोलते," म्हणून तिने ती कपाटात ठेवली. मग ठरलं. या खोक्याने तिच्यासाठी षड्ज धरायचा.

एवढं ठरताच एकतीसची यादी आपोआप गळू लागली. तंबोऱ्याच्या तीन स्वरांसाठी तीन ऑसिलेटर, म्हणजे पंचम, षड्ज आणि खर्ज. शिष्यांना अलंकार ऐकवण्यासाठी चौथा. दोन फिल्टर, चार अ‍ॅम्प्लिफायर, एन्व्हलप आणि मिक्सर. मुलीने फोनवर सुचवलं, "बाबा, विकत घेण्याआधी कॉम्प्युटरवर करून बघा." व्हीसीव्ही रॅक नावाचं एक सॉफ्टवेअर २०१७ पासून फुकट मिळतं. त्यात पडद्यावर हीच मोड्यूल मांडता येतात, वायरी खोचता येतात आणि आवाजही ऐकू येतो. तीन महिने मी ही रंगीत तालीम केली. ज्या मोड्यूलवाचून अडणार असं वाटत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना मी हातही लावला नाही. शेवटी खरेदी झाली ती अकराचीच.

दुसरा हिशेब विजेचा. खोक्यात अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचा पुरवठा असतो, काही मोड्यूलना ५ व्होल्टही लागतात. प्रत्येक मोड्यूल किती मिलिअँपिअर खातं ते लिहिलेलं असतं. त्याची बेरीज करून वर पाव हिस्सा शिल्लक ठेवावा. हे मी चोख केलं. चुकलो ते भलतीकडेच. रिबन केबलच्या कडेला लाल पट्टी असते. आयुष्यभराची सवय अशी की लाल म्हणजे अधिक. इथे लाल म्हणजे उणे १२! घाईत एक केबल उलटी बसली, ओळखीचा वास आला आणि एन्व्हलपचं मोड्यूल गेलं. पस्तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाकडून. सौ. काही बोलली नाही, हे तिचे उपकारच. तेव्हापासून बटण दाबण्याआधी प्रत्येक केबल चष्मा लावून दोनदा तपासतो.

मग कॉम्प्युटर. तो घ्यायचा दोन कामांसाठी: अलंकारांचे स्वर त्याने यंत्राला सांगावेत आणि जे वाजेल ते साठवून ठेवावं. साठवणं सोपं. फक्त मोड्यूलचा आवाज दहा व्होल्टपर्यंत हेलकावतो, तो नेहमीच्या ध्वनियंत्रांच्या मानाने फार मोठा, म्हणून आधी पुरेसा खाली आणावा लागतो. सांगण्याचं काम अवघड, कारण कॉम्प्युटरला आकडे कळतात आणि यंत्राला व्होल्टेज. मध्ये दुभाषा हवा.

रूढ दुभाषा मिडीचा. ही पद्धत १९८३ पासून चालत आली आहे. तिच्यात प्रत्येक स्वराला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो आणि सप्तकाचे बारा सारखे भाग. मी आणलेलं मोड्यूल या क्रमांकाचं व्होल्टेज करायचं. भूपाचे स्वर भरले, खर्ज चालू केला आणि सौ.ला हाक मारली.

तिने तिसऱ्या स्वराला हात वर केला. "गंधार चढा आहे."

मी मीटर लावून दाखवला. अगदी बरोबर होता. "मीटर तुमचा बरोबर असेल," ती म्हणाली, "पण तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार हा नाही. ऐका, हलतोय."

आणि खरंच हलत होता. सेकंदाला चारेक वेळा लाट येत होती. कागद घेऊन बसलो. तिची पट्टी पांढरी सहा, म्हणजे षड्ज २२० हर्ट्‌झ. खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून निघणारा गंधार २७५ चा. बारा सारख्या भागांचा गंधार २७७.२ चा. फरक व्होल्टेजमध्ये मांडला तर जेमतेम अकरा मिलिव्होल्ट! याच भांडणापायी आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती, हे मी नुसतं ऐकून होतो. ते भांडण आता माझ्या दिवाणखान्यात आलं होतं.

गंमत अशी की ऑसिलेटरची काहीच तक्रार नव्हती. त्याला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. जो दाब द्याल तो स्वर तो धरील. अडवणूक दुभाषाची होती. तेव्हा आकड्यांऐवजी कॉम्प्युटरकडून थेट व्होल्टेजच घ्यायचं ठरवलं. साध्या साउंड कार्डाला ते जमत नाही. त्याच्या वाटेवर बहुधा कपॅसिटर बसलेला असतो, तो स्थिर दाब अडवतो आणि हलता तेवढा पुढे सोडतो. जुन्या टेलिफोनच्या घंटीपुढेही असाच कपॅसिटर असे. लाइनचे ४८ व्होल्ट तो अडवायचा आणि घंटीचा प्रवाह जाऊ द्यायचा. स्थिर दाबही जाऊ देणारा, म्हणजे डीसी-कपल्ड, ऑडिओ इंटरफेस वेगळा मिळतो. मी तो आधी घेतला असता तर एका मोड्यूलचे पैसे वाचले असते. नव्याने करणाऱ्यांनी कॉम्प्युटरची जोडणी योजनेतच धरावी, शेवटी सुचलेली गोष्ट म्हणून नव्हे, हे माझं अनुभवाचं सांगणं.

इंटरफेस आला. गंधाराचा दाब अकरा मिलिव्होल्टने उतरवला. यंत्र चालू करून अर्धा तास तापू दिलं, कारण गार ऑसिलेटरचा स्वर सरकतो. जवारीची सर त्याला नाही, ती येईल असंही मला वाटत नाही. पण तीन ऑसिलेटर किंचित मागेपुढे होत राहतात आणि स्वर रोज अगदी तोच लागत नाही.

सौ. येऊन बसली. डोळे मिटून तिने षड्ज लावला, मग गंधारावर गेली आणि तिथेच थांबली. लाट नव्हती.

"लागला," ती म्हणाली. मग डोळे न उघडताच, "अहो, पण पंचम जरा सरकतोय. त्या खोक्यावर वारा येतोय. पंखा बंद करा बघू."

एप्रिलची दुपार होती. मी पंखा बंद केला. ती पाऊण तास गायली.