थेंबभर लवंग तेल

मसालेभातात लवंगा टाकताना कुणी धास्तावत नाही. लवंगेचं तेल मात्र वेगळंच प्रकरण आहे. सुक्या लवंगेत साधारण 15 टक्के सुगंधी तेल असतं. म्हणजे चहाच्या एका चमच्यात, 5 मिलिलिटरमध्ये, सुमारे 35 ग्रॅम लवंगांचं तेल एकवटलेलं असतं! त्यातला मुख्य घटक युजेनॉल. दातदुखीवर तो बधिरपणा आणतो, पण जास्त पोटात गेला तर यकृतावर घाला घालतो. लहान मुलांनी 5 ते 10 मिलिलिटर तेल प्यायल्यावर बेशुद्धी, झटके आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

हे तेल पाण्यात विरघळत नाही. सरबतात टाकलेला थेंब तसाच राहतो आणि एखाद्याच्या घोटात अख्खा जाऊन तोंड, घसा पोळतो. म्हणून आधी तुपात किंवा खाद्यतेलात मिसळावं, तेही गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेनं सुगंध उडून जातो.

बाटलीवर खाण्यायोग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक हवाच.

चुकून हे तेल मुलाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा.