स्मृतीचा खर्च

रक्तदाबमापक, विजेचा मीटर, हृदयरुग्णाच्या छातीत बसवलेला पेसमेकर या सर्वांत एक लहानसा संगणक असतो. एका ठरावीक कामासाठी उपकरणातच बसवलेल्या अशा संगणकाला अंतःस्थापित प्रणाली म्हणतात. पेसमेकरची बॅटरी संपत आली की तो बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. अशा ठिकाणी विजेची काटकसर हा रुग्णाच्या जिवाशी निगडित प्रश्न असतो.

ही वीज जाते कोठे? आकडेमोडीत, असे आपल्याला वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ढोबळ आकडे वेगळेच सांगतात. ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांच्या बेरजेला ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. चिपवरच्या ८ किलोबाइटच्या कॅश स्मृतीतून एकदा वाचायला १०, तर चिपबाहेरच्या डीरॅम स्मृतीतून वाचायला १३०० ते २६०० पिकोज्यूल लागतात. शिवाय डीरॅममधला विद्युतभार गळत राहतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. म्हणजे काहीही न वाचता खर्च चालूच.

उपाय आपल्या परिचयाचे आहेत. वारंवार लागणारा शब्दकोश आपण टेबलावर ठेवतो, दर शब्दाला ग्रंथालय गाठत नाही. तसेच वारंवार लागणारी माहिती चिपवरच्या लहान स्मृतीत ठेवावी. दुसरा उपाय क्रमाचा. पोथीच्या प्रत्येक पानावरचे पहिले अक्षर, मग प्रत्येक पानावरचे दुसरे, असे कोणी वाचत नाही. स्मृतीत ओळीओळीने मांडलेले कोष्टक स्तंभाने वाचणारा प्रोग्रॅम मात्र हेच करतो आणि पुन्हा पुन्हा दूरच्या स्मृतीकडे धावतो. तिसरा उपाय म्हणजे स्मृतीचा जो भाग वापरात नाही, तो झोपवणे. चौथा, माहितीच आटोपशीर ठेवणे.

या चौथ्या उपायाशी आपला थेट संबंध आहे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, रोमन अक्षराला १. ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. परंतु युनिकोडच्या मूळ देवनागरी विभागात जागा १२८ च आहेत. त्यामुळे केवळ मराठी संदेश दाखवणाऱ्या उपकरणात प्रत्येक चिन्ह १ बाइटमध्ये बसवता येते. १५ चे ५ होतात. अक्षरांच्या आकृत्यांना जागा लागते हे खरे, पण संदेश ठरलेले असतील तर त्यांत येणारी जोडाक्षरे तेवढीच साठवली तरी भागते.

माझ्या आईला रक्तदाबमापकावरचे आकडे कळतात. पट्टा सैल असल्याची इंग्रजी सूचना कळत नाही. ‘पट्टा घट्ट बांधा’ एवढे तीन शब्द तिला पुरेसे आहेत. ते उपकरणात बसवण्याची रीत अभियंत्याकडे आहे. नेमके, थोडक्यात आणि म्हाताऱ्या माणसाला कळेल असे वाक्य देणे हे आपले काम आहे. आपल्या विद्यार्थ्यांना निबंधाबरोबर अशी तीन शब्दांची वाक्येही लिहायला शिकवली पाहिजेत.