विश्लेषण : काच फुंकणाऱ्यांच्या फुप्फुसात विषारी वाफा कशा जातात? त्या रोखायच्या कशा?

प्रयोगशाळेतला महागडा काचेचा चंबू तडकला, की तो सहसा फेकून देत नाहीत. तो दुरुस्तीसाठी काच फुंकणाऱ्या कारागिराकडे, म्हणजे ‘ग्लासब्लोअर’कडे जातो. कारागीर दोन्ही हातांनी काच ज्योतीत फिरवतो आणि ओठांत धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालतो. चंबूत आधीच्या रसायनाचा अंश उरला असेल, तर त्याच्या वाफा याच नळीतून उलट त्याच्या तोंडात येऊ शकतात. या धोक्यापुढे तोंडावरचा मास्क आणि भिंतीवरचा पंखा दोन्ही निरुपयोगी ठरतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी...

रबरी नळी कशासाठी लागते?

काच फुंकण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली भट्टीची. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन कारागीर फुंकणीतूनच फुंकतो. लोकवर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना, कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदिलांचा कारखाना ही महाराष्ट्राला ठाऊक असलेली नावे या भट्टीच्या काचेची.

दुसरी पद्धत ज्योतीची. तीत तयार काचनळी किंवा तयार भांडे बर्नरवर तापवून त्याला आकार देतात. प्रयोगशाळेतील चंबू, शीतक, व्हॅक्युमची उपकरणे आणि निऑनच्या पाट्या अशा घडतात. काच सतत दोन्ही हातांनी फिरवत राहावे लागते, नाहीतर ती एका बाजूला ओघळते. त्यामुळे ती तोंडाशी नेता येत नाही. म्हणून काचेच्या एका टोकाला फिरता जोड लावून त्याला मऊ रबरी नळी जोडतात आणि नळीचे दुसरे टोक दातांत धरतात. भांड्याची बाकीची तोंडे बूच लावून बंद केलेली असतात. किती फुंकायचे, कधी थांबायचे हे कारागिराला ओठांवर जाणवणाऱ्या दाबावरून कळते. या कामात नळी मोलाची आहे ती यासाठीच.

फुंकर बाहेर जाते, मग वाफा आत कशा येतात?

याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. हवा तापली की प्रसरण पावते. चंबूतली १०० मिलिलिटर हवा २७ अंश सेल्सियसवरून ३२७ अंशांपर्यंत तापली, तर दाब तोच राहिल्यास तिचे आकारमान दुप्पट होते. बाकीची तोंडे बंद असल्याने जास्तीच्या १०० मिलिलिटर हवेला बाहेर पडायला रबरी नळीचाच रस्ता उरतो. आतून सहा मिलिमीटर व्यासाच्या, दीड मीटर लांबीच्या नळीत जेमतेम ४२ मिलिलिटर हवा मावते. म्हणजे नळी भरून उरलेली हवा कारागिराच्या तोंडात येणारच. त्यासाठी त्याने श्वास ओढण्याचीही गरज नाही.

श्वास ओढला तर प्रकरण आणखी बिघडते. निरोगी प्रौढ व्यक्ती साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेते. कामाच्या नादात नळी तोंडात असतानाच तोंडाने श्वास घेतला, तर नळीतली सगळी हवा आणि भांड्यातली बरीचशी हवा एका दमात छातीत जाऊ शकते. ‘नळी लांब आहे, काही होत नाही’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

कोणत्या वाफा सर्वांत घातक?

पहिला क्रमांक भांड्यात उरलेल्या रसायनांचा. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांचा अंश ज्योतीच्या उष्णतेने विघटित झाला, की हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन तयार होऊ शकतात. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात रासायनिक अस्त्र म्हणून वापरला गेलेला वायू आहे. अ‍ॅसिटोन, ईथर यांच्या वाफा असतील तर भांडे ज्योतीत धरताच भडका उडण्याची भीती असते.

दुसरा पारा. जुने दाबमापक, व्हॅक्युमची उपकरणे आणि निळसर उजेड देणाऱ्या निऑन पाट्यांच्या नळ्या यांत तो सापडतो. पारा ३५७ अंशांना उकळतो, तर बोरोसिलिकेट काच ८२० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते. म्हणजे काच वाकण्याच्या कितीतरी आधी आतल्या पाऱ्याची वाफ झालेली असते. या वाफेला वास नाही, रंग नाही. श्वासातून गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के शरीरात शोषली जाते.

तिसरा प्रकार ज्योतीचा. ऑक्सिजन आणि गॅसच्या प्रखर ज्योतीत हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, ज्वलन अपुरे असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. काचनळीचे दुसरे टोक उघडे राहिले, तर हे वायू नळीत शिरून तोंडापर्यंत पोहोचतात.

चौथा प्रकार कलाकाचेचा. काचेवर इंद्रधनुषी झाक आणण्यासाठी चांदी, सोने किंवा कथिलाच्या क्षाराची धुरी देतात. कथिलाचा क्लोराइड क्षार तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडही सुटते. याखेरीज सांध्यांवर राहिलेली टेफ्लॉनची पट्टी किंवा चावी फार तापली, तर तिच्या धुराने काही तासांनी ताप आणि अंगदुखी येते.

मास्क आणि पंखा पुरेसे का नाहीत?

तोंडात नळी धरायची तर तोंड झाकणारा मास्क घालता येत नाही. शिवाय ‘एन-९५’ मास्क कण अडवतो, वायू आणि वाफा अडवत नाही. टेबलावरचा धूर ओढणारा पंखा किंवा हूड आवश्यकच आहे, कारण ज्योतीचे वायू खोलीत साठता कामा नयेत. पण पंखा खोलीतली हवा बाहेर काढतो. नळी मात्र भांड्याची आतली हवा थेट तोंडात आणून सोडते. ती या सगळ्या संरक्षणांना वळसा घालते. म्हणून बचावाची जागा बदलावी लागते. आधी भांडे, मग नळी आणि शेवटी श्वासाची सवय, या क्रमाने.

भांडे कोणी साफ करायचे?

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे : घाणेरडे भांडे ज्योतीवर धरायचेच नाही. भांड्यात शेवटी काय होते हे ते वापरणाऱ्यालाच माहीत असते, कारागिराला नाही. त्यामुळे सफाईची जबाबदारी भांडे पाठवणाऱ्याची. जगभरातल्या अनेक विद्यापीठांचे काचविभाग भांडे धुऊन, वाळवून आणि ‘यात शेवटी अमुक रसायन होते’ अशी चिठ्ठी लावून आले तरच स्वीकारतात. चिठ्ठी नसेल तर भांडे परत जाते.

सफाईचा क्रमही ठरलेला असतो. आधी त्या रसायनाला विरघळवणारे द्रावक, मग साबणपाणी, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी पूर्ण वाळवणे. टेफ्लॉनच्या चाव्या, रबरी वायसर काढून ठेवायचे. सांध्यांवरचे सिलिकॉन ग्रीस नुसत्या अ‍ॅसिटोनने जात नाही आणि तापल्यावर काचेवर पांढरा थर सोडते, त्यामुळे ते वेगळे काढावे लागते. चिवट सेंद्रिय डाग असतील तर धूर बाहेर नेणाऱ्या भट्टीत ते जाळून काढता येतात. पाऱ्याच्या बाबतीत मात्र हा मार्ग पूर्ण निषिद्ध, कारण तापवले की पाऱ्याची वाफच होणार.

नळीत काय बसवता येते?

नळीच्या मध्ये एक छोटी गाळणी जोडता येते. तिच्यात काय भरायचे हे समोरच्या धोक्यावर ठरते. कापसाचा बोळा धूळ, काचेचे कण आणि थुंकी अडवतो, पण वाफ त्यातून आरपार जाते. सेंद्रिय द्रावकांच्या वाफांसाठी सक्रिय कोळशाचे दाणे, आम्लवायूंसाठी सोडा लाइम, तर पाऱ्यासाठी गंधक मुरवलेला कोळसा वापरतात. हे पदार्थ कालांतराने निकामी होतात, म्हणून बदलल्याची तारीख गाळणीवर लिहिणे शहाणपणाचे. गाळणी फार घट्ट भरली तर ओठांवरचा दाब कळेनासा होतो आणि काम बिघडते.

हवा एकाच दिशेने जाऊ देणारी नॉन-रिटर्न झडप हा दुसरा पर्याय. तो ऐकायला उत्तम वाटतो, पण त्यात एक मेख आहे. तापलेल्या हवेला परतीचा रस्ताच बंद झाला, तर दाब वाढून मऊ काच नको तिथे फुगते. म्हणून झडपेच्या पुढे, काचेच्या बाजूला, ‘टी’ आकाराचा जोड देऊन त्याची तिसरी वाट हूडमध्ये मोकळी सोडतात. फुंकताना ती बोटाने किंवा चिमट्याने बंद करायची आणि एरवी उघडी ठेवायची. यामुळे फुगलेली हवा तोंडाऐवजी हूडकडे जाते.

फुंकर घालण्याची योग्य पद्धत कोणती?

अनुभवी कारागीर छातीने फुंकत नाही, गालांनी फुंकतो. श्वास नाकाने घ्यायचा, गालांत हवा भरायची आणि तेवढीच हलकेच सोडायची. फुंकर संपली की जिभेचे टोक नळीच्या तोंडावर ठेवून ती बंद करायची किंवा नळी ओठांतून सोडायची. काच ज्योतीत तापत असताना नळी तोंडात ठेवायची नाही, कारण हवा उलटी येण्याची वेळ तीच असते. ज्योतीतून काच बाहेर काढली, की मग नळी तोंडाला लावायची. फुगलेली काच आत घेण्यासाठी नळीतून हवा ओढण्याची काहींना सवय असते. दुरुस्तीच्या भांड्यावर ती टाळायलाच हवी. काच पुन्हा तापवून पृष्ठताणाने आकसू देणे हा त्यावरचा सुरक्षित मार्ग.

तोंडाशिवाय फुंकता येत नाही का?

येते. लेथवर मोठी काच घडवताना पायाच्या पेडलने नियंत्रित होणारी, अगदी कमी दाबाची हवा वापरतात. लहान कामाला हाताने दाबायचा रबरी फुगाही चालतो. ओठांइतकी नजाकत त्यात येत नाही, सरावाला वेळ लागतो. तरीही पारा असलेले किंवा इतिहास ठाऊक नसलेले भांडे टाळता येत नसेल, तर तोंडाने फुंकण्याचा प्रश्नच येऊ नये.

हा प्रश्न नवा आहे का?

मुळीच नाही. १९व्या शतकात फ्रान्समधील काच कारखान्यांत एकच फुंकणी अनेकांच्या तोंडातून फिरत असल्याने कामगारांमध्ये सिफिलिस पसरल्याच्या नोंदी आहेत. प्रत्येकाची तोंडी वेगळी असावी, हा आग्रह त्यातून आला. पुढे १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कलाकाच, काचेच्या बाटल्या आणि साच्यातील काचवस्तूंच्या उत्पादनातील कामाला ‘माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता’ असलेल्या गटात, म्हणजे ‘२-ए’मध्ये टाकले.

भारताशीही या कलेचे जवळचे नाते आहे. विल्यम रॅम्झी यांच्यासह १८९८ मध्ये निऑनचा शोध लावणारे मॉरिस ट्रॅव्हर्स स्वतः काच फुंकण्यात निष्णात होते आणि तेच बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक. देशातल्या मोठ्या संशोधन संस्थांना आजही अशा कारागिरांवाचून चालत नाही.

वाफ छातीत गेलीच तर?

काम थांबवून, ज्योत बंद करून मोकळ्या हवेत जायचे आणि डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगायचे. इथे भांड्यावरची चिठ्ठी पुन्हा उपयोगी पडते. नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉस्जीन यांचा दगाफटका असा, की सुरुवातीला नुसता घसा खवखवतो, बरेही वाटते. फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी, कधी २४ तासांपर्यंत उशिरा सुरू होतो. त्यामुळे ‘आता बरे आहे’ म्हणून घरी जाऊन झोपणे धोक्याचे. पाऱ्याची विषबाधा हळूहळू साठत जाते. हात थरथरणे, चिडचिड, विसराळूपणा ही तिची लक्षणे वयावर किंवा ताणावर ढकलली जातात. लघवीच्या तपासणीत पारा कळू शकतो.

पारा आणि शिशाची विषबाधा १९४८ च्या कारखाने कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातली होती. पण दोन-तीन माणसांची निऑनची किंवा दुरुस्तीची दुकाने कारखान्याच्या व्याख्येत बसत नाहीत. तिथे नोंद ठेवणारे कोणी नसते. चिठ्ठी नसलेले भांडे परत पाठवण्याचा नियम मात्र एका माणसाच्या दुकानातही पाळता येतो. त्याला खर्च शून्य येतो.