छर्रा किती जाड, डुक्कर किती दूर

हरभऱ्याचे घाटे भरू लागले की विदर्भातल्या वावरांत जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत निम्मे वावर नांगरल्यासारखे उकरून ठेवतो, रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप तुरीचे शेंडे खुडत धुऱ्याधुऱ्याने पुढे जातो, आणि सकाळी शेतकऱ्याच्या हाती पंचनाम्याचा अर्ज तेवढा उरतो. मग ‘मारायची परवानगी द्या’ ही मागणी येते. कायद्यात तशी वाट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देता येते. रानडुक्कर आणि रोही पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते; एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ते दुसऱ्या अनुसूचीत आले, तरी ही वाट खुली राहिली. मारावे की मारू नये, यावर आपल्याकडे भरपूर वाद झाले. कशाने मारावे आणि किती अंतरावरून, हा प्रश्न मात्र बंदूकवाल्याच्या मर्जीवर सोडून सगळे मोकळे होतात. माझ्या मते परवानगीच्या कागदावर सगळ्यात आधी लिहायची गोष्ट तीच आहे.

बारा बोअरचे काडतूस आतून कसे असते ते पाहिले की मुद्दा लवकर कळतो. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी, टोपीवर दारू, दारूवर नमद्याचे किंवा प्लास्टिकचे बूच, बुचावर शिशाचे छर्रे, आणि वरचे तोंड घडी घालून बंद केलेले. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसे आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. खोक्यावरचा आकडा छर्ऱ्याची जाडी सांगतो, आणि तो उलटा चालतो : आकडा मोठा, तर छर्रा बारीक. ब्रिटिश मापाचा सहा नंबरचा छर्रा 2.6 मिलिमीटरचा, चार नंबरचा 3.1 मिलिमीटरचा. आकडे संपले की अक्षरे सुरू होतात. एसजी म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरची गोळी, एलजी म्हणजे नऊ मिलिमीटरच्या थोडी वर. एका काडतुसात मावणारे शिसे साधारण तीस-बत्तीस ग्रॅम. त्यातून सहा नंबरचे तीनशेच्या आसपास छर्रे होतात, एसजीचे नऊ आणि एलजीचे सहा-सात. सगळी निवड या एका काटकसरीत आली : छर्रे जास्त हवेत की जड हवेत? दोन्ही एकदम मिळत नाही.

या हिशेबाचा सगळ्यात बारीक अभ्यास अमेरिकेतल्या टर्कीच्या शिकाऱ्यांनी केला आहे. जंगली टर्कीचा नर आठ-दहा किलोचा असतो, अंगावर पिसांचा जाड थर आणि खाली छातीचे भरीव मांस. तिथे छर्रे मारले तर पक्षी जखमी होऊन झुडपात नाहीसा होतो. म्हणून नेम डोक्यावर आणि मानेवर धरायचा. एवढ्याशा जागेत निदान दोन-चार छर्रे हमखास बसावेत, यासाठी तिथले शिकारी बंदूक आधी कागदावर तपासतात. चाळीस यार्डांवर दहा इंचांच्या गोलात शंभरेक छर्रे पडले तर ती बंदूक आणि ते काडतूस यांची जोडी जमली म्हणायची. शिशाचे चार, पाच आणि सहा नंबर तिथे पिढ्यान्पिढ्या चालले. अलीकडे टंगस्टनचे नऊ नंबरचे छर्रे आले, जेमतेम दोन मिलिमीटरचे. एवढा बारीक छर्रा आत शिरतो कसा? छर्ऱ्याची भेदकता ढोबळ मानाने त्याची घनता गुणिले व्यास अशी चालते. शिशाची घनता 11.3, या टंगस्टनची सुमारे 18. त्यामुळे दोन मिलिमीटरचा टंगस्टन 3.2 मिलिमीटरच्या शिशाची बरोबरी करतो, आणि त्याच वजनात छर्रे कितीतरी जास्त मिळतात. आपल्याला टर्कीशी काही देणेघेणे नाही, टंगस्टन तर इथे कोणाला परवडायचेही नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची पद्धत : प्राण्याची नेमकी जागा ठरवा, तिथे किती छर्रे पोचतात ते मोजा, आणि पोचत नसतील त्या अंतरावरून बार काढू नका.

हीच पद्धत रानडुकराला लावून पाहू. डुकराचे मर्मस्थान म्हणजे पुढच्या पायामागची, काळीज-फुप्फुसाची जागा, सुमारे वीतभर व्यासाची. नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कुर्चेसारखा जाड थर असतो. दुसऱ्या नरांच्या सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने दिलेला. नळीतून निघालेल्या एसजी-एलजीच्या गोळ्या दर यार्डाला सुमारे एक इंच फाकतात, असा जुना ठोकताळा आहे. नळीनळीत फरक पडतो, पण अंदाजाला तो पुरतो. दहा मीटरवर एसजीच्या नऊ गोळ्या पाऊण हाताहून कमी रुंदीत पडतात आणि त्यातल्या सहाएक त्या वीतभर जागेत बसतात. वीस मीटरवर फाकणी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्र चौपट, आणि मर्मस्थानी येते एखाद-दुसरी गोळी. चाळीस मीटरवर सरासरी काढली तर तीन बारांत एक गोळी जागेवर लागते. उरलेल्या गोळ्या कुठे जातात? काही मातीत, काही पोटात, मांडीत, जबड्यात. पोटात गोळी घेतलेले डुक्कर त्याच जागी पडत नाही. ते नाल्यातल्या झुडपात शिरते आणि तिथे मरायला त्याला कधी कधी दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी त्या नाल्यात सरपणाला गेलेल्या बाईची गाठ त्याच्याशी पडते.

यावर बंदूकवाल्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते : छर्रे पुष्कळ, एक तरी लागेलच. लागेल, हे खरेच आहे. हरकत त्यालाच आहे. तितर-बटेरावर एक छर्रा पुरतो, साठ-ऐंशी किलोच्या जनावरावर पुरत नाही. दुसरा युक्तिवाद ऐकायला दयाळू वाटतो : मारायचे नाही, नुसते हाकलायचे आहे, म्हणून चार-सहा नंबरचे बारीक छर्रे घालतो. बारीक छर्रा कातडीत किंवा तिच्याखालच्या मांसात अडकतो, डोळा फोडतो, जखम चिघळते. हाकलायचेच असेल तर फटाका पुरे. माझ्या दृष्टीने हा प्रकार मारण्यापेक्षा वाईट, आणि परवानगीत तो बसतही नाही.

मग एकच मोठी गोळी का वापरू नये? वापरावी, असेच माझे मत आहे. गुळगुळीत नळीतूनही एकसंध गोळी तीस-पस्तीस मीटरपर्यंत वीतभर जागेत घालता येते आणि खांद्याचा थर फोडून ती आत जाते. हे शहाणपण नवे नाही. सातपुड्यातल्या शिकारीवर 1871 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक लिहिणाऱ्या जेम्स फोर्साइथने त्याआधी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर वेगळे पुस्तक लिहिले होते. मोठ्या जनावराला कोणती गोळी, हा प्रश्न तेव्हाच्या मध्य प्रांतात गांभीर्याने घेतला जाई. खरी अडचण सुरक्षिततेची आहे. एकसंध गोळी दूर जाते आणि शेजारच्या वावरात माणसे असतात. पण एलजी त्यामानाने सुरक्षित आहे हा समज खोटा. छर्ऱ्याचा इंचांतला व्यास गुणिले 2200 म्हणजे त्याचा यार्डांतला जास्तीत जास्त पल्ला, या प्रसिद्ध ठोकताळ्याने एलजी जवळपास 800 यार्ड जाते, तीही सहा-सात वेगवेगळ्या दिशांनी. दोन्हींवर उपाय एकच : मचाणावर बसून खाली मारायचे, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते.

आणखी एक अडचण आहे आणि ती कायद्यातच दडलेली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठी जिचा उल्लेख आहे ती ठासणीची बंदूक, आपली भरमार. तिच्यात काडतूस नसते. दारू अंदाजाने, छर्रे मिळतील ते, कधी सळईचे तुकडे. तिचा पल्ला आणि फाकणी बाराबाराला बदलते. वर केलेला सगळा हिशेब तिच्यापुढे कोसळतो, म्हणून परवानगीच्या कामात तिला जागाच असू नये. शेतकऱ्याकडे दुसरी बंदूक नसेल तर वन विभागाने नेमबाज द्यावा.

बंदुकीचे नावच नको, कुंपण घाला, भरपाई वाढवा, असे म्हणणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही. डुकरे मारून कळप कायमचे कमी होतात असेही नाही; एका विणीत चार-सहा पिल्ले देणारे ते जनावर आहे. पण बंदुकीची कायदेशीर वाट हाती लागत नाही तिथे काय होते तेही विदर्भाने पाहिले आहे. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडली जाते आणि तिला डुक्कर, वाघ, शेजारचा शेतकरी यांतला फरक कळत नाही. काडतुसाचा बार निदान कोणावर काढायचा हे पाहून काढता येतो. उरलेल्या शिशाचीही तजवीज हवी. मेलेले जनावर उघड्यावर राहिले तर मांसातले शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातले काँडॉर याच विषाने मरत राहिले आणि तिथे 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. गिधाडे परत यावीत म्हणून गडचिरोली आणि पेंचमध्ये धडपड चालू असताना मारलेले डुक्कर खोल पुरणे एवढे तरी आपल्याला जमावे.

वन विभागाने परवानगीच्या नमुन्यात तीन ओळी वाढवाव्यात : एकसंध गोळी तीस मीटरच्या आत, एसजी किंवा एलजी पंधरा मीटरच्या आत, बारीक छर्ऱ्यांना पूर्ण मनाई. आणि परवानगी हातात देण्याआधी अर्जदाराला पोलिसांच्या गोळीबार मैदानावर नेऊन, वर्तमानपत्राच्या उघड्या पानावर वीतभर गोल काढून, त्याच्याच बंदुकीने त्याच काडतुसाचे तीन बार काढायला लावावेत. गोलात जे पडले नाही ते मोजून त्याच्यापुढे ठेवावे आणि मगच सही करावी.