‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आणि इतर दुखणी

पदविकेच्या आणि बी.एस्सी.च्या प्रोजेक्टांचे दिवस आले की आमच्या घरी लॅपटॉप काखेत मारून येणाऱ्या मुलामुलींची वर्दळ सुरू होते. कुणी ग्रंथालयाची नोंदवही केलेली असते, कुणी औषध दुकानाचं बिलिंग, कुणी दूध डेअरीचा हिशेब. विषय वेगवेगळे असले तरी तक्रारी ठरलेल्या. ‘काका, बटण दाबलं की काहीच होत नाही.’ ‘काका, माझ्याकडे चालतं, मॅडमच्या पीसीवर चालत नाही.’ आणि माझी सगळ्यांत लाडकी तक्रार: ‘काका, हँग होतंय!’

या मुलांना भाषा येत नाही असं मुळीच नाही. पायथन किंवा जावा त्यांनी बऱ्यापैकी घोटलेली असते. पण शिकलेले असतात ते काळ्या पडद्यावरचे प्रोग्राम: वरून सुरू, खाली संपले. कधी काय विचारायचं, कधी काय छापायचं, हे तिथं प्रोग्राम ठरवतो. खिडकी, बटणं, मेनू आले की हा कारभार पार उलटतो. प्रोग्राम खिडकी मांडून वाट बघत बसतो, आणि तुम्ही लिहिलेली फंक्शनं कधी चालवायची हे दुसराच कुणीतरी ठरवतो. हा उलटा कारभार समजावून सांगण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही, आणि नवशिक्यांची बहुतेक दुखणी तिथूनच उगवतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. खिडक्या-माउसचा पहिला महत्त्वाचा संगणक म्हणजे झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रातला १९७३चा ‘आल्टो’. लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये तो पाहिला. त्याचा पडदा कागदासारखा उभा आहे. मग १९८४ साली मॅकिंटॉश, १९८५ साली विंडोज. विंडोजसाठी प्रोग्राम लिहिणं सुरुवातीला भयंकर किचकट होतं. चार्ल्स पेटझोल्डचं १९८८चं जाडजूड पुस्तक उशाला घेऊन लोक झोपायचे. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं आणि बटण खिडकीवर ओढून टाकण्याची सोय झाली. त्याच सुमारास बर्कलीच्या जॉन ऑस्टरहाउटनं ‘टीके’ हा खिडक्यांचा संच केला. तोच आज ‘टीकेइंटर’ नावानं पायथनबरोबर मिळतो आणि आपली बहुतेक मुलं त्यातच पहिली खिडकी उघडतात.

आता हँग होण्याकडे. खरं तर मला यावरच लिहायचं होतं.

तुम्ही माउस क्लिक केलात की ती बातमी थेट तुमच्या फंक्शनकडे जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती एका रांगेत लावते. प्रोग्रामच्या पोटात एक न संपणारा लूप फिरत असतो. टीकेइंटरमध्ये त्याला ‘मेनलूप’ म्हणतात. तो रांगेतला एक निरोप उचलतो, संबंधित फंक्शनला देतो, ते फंक्शन परतलं की पुढचा निरोप उचलतो. पोस्टातल्या एकाच खिडकीवर बसलेल्या कारकुनासारखं हे काम आहे. पहिल्याच गिऱ्हाइकासाठी तो जुनं रजिस्टर शोधायला मागच्या खोलीत गेला, तर बाकीची रांग ताटकळणारच. तुमच्या बटणामागच्या फंक्शननं पन्नास हजार ओळींची फाइल वाचायला घेतली, किंवा एखाद्या पठ्ठ्यानं ‘जरा थांब’ म्हणून दहा सेकंदांचं ‘स्लीप’ टाकलं, की तेवढा वेळ रांग जागच्या जागी. खिडकी हलत नाही, मोठी होत नाही, बंदही होत नाही.

विंडोजचा इथं एक ठरलेला नियम आहे. पाच सेकंद प्रोग्रामनं रांगेकडे पाहिलंच नाही, तर तो अडकला असं धरलं जातं. मग विंडोज एक गंमत करते. तुमची खिडकी लपवते आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच एक तोतया खिडकी उभी करते! विंडोज एक्सपीपासून हे चालत आलंय आणि तिला अधिकृतपणे ‘घोस्ट’च म्हणतात. मथळ्यापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लागतं, रंग फिका पडतो. ही तोतया खिडकी हलवता येते, खाली टाकता येते, बंद करता येते, कारण ती तुमच्या प्रोग्रामची नसून विंडोजची असते. अँड्रॉइडनंही स्पर्शाला उत्तर न देणाऱ्या ॲपसाठी पाचच सेकंदांची मुदत ठेवली आहे. मॅकवर रंगीत चक्र फिरू लागतं. विंडोज ३.१च्या काळात तर सगळ्या प्रोग्रामांत मिळून रांगच एक होती. एक अडला की अख्खा संगणक अडायचा आणि आम्ही निमूटपणे रीसेटचं बटण दाबायचो.

पाच सेकंदांपेक्षा चार सेकंद जास्त वाईट, असं माझं मत आहे. एका पतसंस्थेत व्याज आकारणीचा घरगुती प्रोग्राम पाहायला गेलो होतो. ‘आकारणी करा’ दाबलं की तीन-चार सेकंद काहीच हालचाल नाही. लिपिकबाई वैतागून पुन्हा दाबायच्या, मग पुन्हा. तोतया खिडकी यायला पाच सेकंद लागतात, त्यामुळे ती कधी आलीच नाही. सगळे क्लिक खऱ्या रांगेत जमा होत गेले आणि पहिलं काम संपताच एकामागून एक चालले. त्या खात्यांवर व्याज तीनदा चढलं. बाईंचा यात काडीचाही दोष नव्हता. जेकब नीलसननं १९९३च्या पुस्तकात सांगून ठेवलंय की एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, एका सेकंदापर्यंत त्याची तंद्री टिकते, दहा सेकंदांपुढे लक्ष उडतं. म्हणजे काम सुरू होताच बटण निकामी करून ठेवणं हा शिष्टाचार नव्हे, सुरक्षेचा भाग आहे.

यावर हुशार मुलं म्हणतात, ‘काका, मी कामाआधी लेबलवर “कृपया थांबा” लिहिलंय, पण ते दिसतच नाही.’ दिसणार कसं? खिडकी रंगवणं हाही रांगेतलाच निरोप, आणि तोही सगळ्यांत खालच्या मानाचा. बाकी काही उरलं नाही तरच विंडोज तो देते. टीकेसुद्धा रंगकाम निवांत वेळेसाठी राखून ठेवतं. तुमचं फंक्शन परतेपर्यंत निवांत वेळ येत नाही. काम संपतं, मग ‘कृपया थांबा’ आणि ‘झालं’ हे दोन्ही एकदमच लिहिले जातात, आणि दिसतं फक्त ‘झालं’.

उपाय दोन. काम तुकड्यांनी करता येत असेल तर शंभर ओळी वाचा, ‘आफ्टर’ वापरून ‘पुढच्या शंभर थोड्या वेळानं’ असं सांगून परत या. तसं जमत नसेल तर काम वेगळ्या थ्रेडवर न्या. मात्र त्या थ्रेडमधून लेबल, बटण, यादी कशालाही हात लावायचा नाही. निकाल एका क्यूमध्ये ठेवायचा आणि मुख्य थ्रेडनं ‘आफ्टर’च्या मदतीनं तो अधूनमधून उचलायचा. क्यूटी, जावाचं स्विंग, सी शार्पचे विंडोज फॉर्म्स, सगळीकडे हाच दंडक. डॉटनेटमध्ये डीबगर लावलेला असेल तर ‘क्रॉस-थ्रेड’ म्हणून ते तोंडावर सांगतं. टीकेइंटर कधी चालतं, कधी अडतं, कधी कोसळतं. लूपमध्ये मध्येच ‘अपडेट’ घालायचा, किंवा व्हिज्युअल बेसिकवाल्यांचा ‘डूइव्हेंट्स’चा जुना जुगाडही आहे. तो मला पटत नाही. त्यानं रांग चालू होते खरी, पण त्याच रांगेत तेच बटण पुन्हा दाबलं गेलेलं असू शकतं, आणि पहिलं काम अर्धवट असताना दुसरं त्याच्या पोटात सुरू होतं. पतसंस्थेची गोष्ट पुन्हा, फक्त जास्त गुंतागुंतीची.

बटणाचं दुसरं दुखणं कंसाचं. बटणाला फंक्शनचं नाव द्यायचं असतं. मुलं सवयीनं नावापुढे कंस उघडून बंद करतात. मग खिडकी उघडतानाच ते फंक्शन एकदा चालून जातं आणि बटणाच्या हाती काहीच उरत नाही. फाइल निवडायची चौकट न विचारता आपोआप उघडत असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

यातलाच वरच्या इयत्तेचा प्रकार म्हणजे कॅल्क्युलेटर. शून्य ते नऊ अशी दहा बटणं लूपनं बनवली, दिसायला झकास, पण कुठलंही दाबा, ९च उमटतो! प्रत्येक बटणाला दिलेलं छोटं लॅम्डा फंक्शन आकडा स्वतःजवळ ठेवत नाही. दाबल्यावर तो व्हेरिएबल बघतं, आणि तोवर लूप संपून त्यात ९ बसलेला असतो. लॅम्डाच्या कंसात तो आकडा पूर्वनिश्चित किंमत म्हणून देऊन टाकला की प्रश्न मिटतो. हा दोष समोरच्याला स्वतःहून सापडला की चेहऱ्यावर जे हसू येतं, त्यासाठी मी चहा ठेवून वाट बघतो.

‘काहीच होत नाही’ याचा अर्थ बहुधा ‘झालं, पण मला दिसलं नाही’ असा असतो. बटणामागच्या फंक्शनमध्ये चूक झाली की टीकेइंटर ती कन्सोलवर छापतं आणि खिडकी पुढे चालू ठेवतं. प्रोग्राम कन्सोलशिवाय चालवलेला असेल तर ती तक्रार कुणाच्याच कानी पडत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न: कमांड प्रॉम्प्टमधून चालवून पाहिलंत का? तिथं लांबलचक यादी येते. ती खालून वाचायची. शेवटच्या ओळीत चूक काय ते असतं, त्याच्या वरच्या ओळीत कुठे ते.

बाकी किरकोळ. खिडकी आयडलमध्ये दिसते पण फाइलवर डबल क्लिक केलं की लगेच नाहीशी होते? ‘मेनलूप’ची ओळ राहिली आहे; आयडल स्वतःच लूप फिरवत असल्यामुळे ते झाकलं गेलं. चित्राच्या जागी कोरा चौकोन? चित्र फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये होतं, फंक्शन संपताच पायथननं ते झाडून टाकलं. लेबललाच त्याचा धागा बांधून ठेवा. एकाच चौकटीत ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ दोन्ही वापरले? नवं टीके निदान भांडण सांगतं, जुनं गप्प अडकून बसायचं. आणि स्वतःच्या फाइलला ‘टीकेइंटर’ किंवा ‘रँडम’ असं नाव कृपा करून देऊ नका. पायथन आधी तुमचीच फाइल उचलतो.

मॅडमच्या पीसीवर न चालण्याचं कारण बहुतेक वेळा पत्ता असतं. फाइलचा पत्ता लिहिताना स्वतःच्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं घातलेलं असतं. नुसतं फाइलचं नाव दिलं तर प्रोग्राम ती चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि शॉर्टकटवरून उघडल्यावर ते फोल्डर वेगळं असू शकतं. विंडोजच्या पत्त्यातली उलटी तिरकी रेघ हा आणखी एक सापळा. ‘युजर्स’चा कॅपिटल ‘यू’ तिच्यापुढे आला की पायथनला वाटतं आता युनिकोडचे आठ आकडे येणार, आणि ते न आल्यानं प्रोग्राम सुरूच होत नाही.

मराठी मुलांनी मराठीत प्रोग्राम करायला घेतला की मात्र खरी मजा. नावात फक्त अक्षरं असावीत म्हणून पायथनची ‘इजअल्फा’ ही तपासणी लावतात. कमल, गणपत आणि नयन उत्तीर्ण. रमेश, मंगला, सुनीता अनुत्तीर्ण! मात्रा, अनुस्वार, वेलांटी ही युनिकोडच्या लेखी ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ आहेत, म्हणून. आकड्यांत उलट सौजन्य: ‘१२३’ देवनागरीत लिहिलं तरी पायथन त्याची संख्या करून देतो, सी शार्प साफ नाकारतं.

यादी सीएसव्हीमध्ये जतन करून एक्सेलमध्ये उघडली की डोक्यावर रेघा मिरवणारी रोमन अक्षरं दिसतात. युटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि एक्सेल त्यांना तीन सुटी युरोपीय अक्षरं समजतं. ‘मराठी’चे पंधरा बाइट होतात, त्यातल्या ‘म’च्या शेवटी रजिस्टर्ड ट्रेडमार्कची खूण निघते आणि दीर्घ वेलांटीतून येन आणि युरोची चिन्हं. फाइल ‘युटीएफ-८-सिग’ प्रकारात लिहिली की एक्सेल ताळ्यावर येतं. आणि ‘कऱ्हाड’ शोधून बघा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला परके, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांची गाठ घालत नाही. शोध घेण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.

तेव्हा प्रोजेक्ट जमा करण्याआधी त्यात एकदा कऱ्हाडच्या रमेशची नोंद करून बघा. कुठं अडलंच तर खुशाल विचारा, पण मोबाइलनं काढलेला पडद्याचा अर्धा तिरका फोटो पाठवू नका; एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून पाठवा, शेवटच्या ओळीसकट.