पान पाच, पण कोणतं?

प्रबंधाची वर्ड फाइल घ्या. प्रस्तावना रोमन आकड्यांत, मुख्य मजकूर पुन्हा 1 पासून आणि परिशिष्टंही 1 पासूनच. प्रत्येक सेक्शनचे पानक्रमांक स्वतंत्र. मग छापताना नुसतं 5 लिहून हवं तेच पान कसं निघणार?

उपाय साधा आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असतो. प्रिंटच्या ‘पेजेस’ चौकटीत पानासाठी पी आणि सेक्शनसाठी एस ही इंग्रजी अक्षरं वापरा, मध्ये जागा न सोडता. पी5एस2 म्हणजे दुसऱ्या सेक्शनचं पाचवं पान. पी1एस2-पी4एस3 असं सलगही छापता येतं. नुसतं एस3 लिहिलं की अख्खा तिसरा सेक्शन निघतो.

आपण कोणत्या सेक्शनमध्ये आहोत? तळाच्या स्टेटस बारवर राइट-क्लिक करून ‘सेक्शन’ निवडा, क्रमांक दिसेल. छपाईची आज्ञा देण्याआधी तो जरूर बघा.